डॅनिश नावाचा अर्थ कसा उलगडायचा

डॅनिश नावाचा अर्थ शोधताना घोटाळा बहुधा सुरुवातीलाच होतो. नाव घेतलं, शोधलं, 'शूर योद्धा' किंवा 'देवाची देणगी' असं काहीतरी समोर आलं की विषय संपला. पण नावाचं वय आणि ते कुठून आलं हे कळल्याशिवाय अर्थाला हात लावू नये. डेन्मार्कमध्ये एकाच घरात व्हायकिंग काळातला आस्गर, बायबलमधून आलेला येन्स आणि 1960-70च्या दशकात लोकप्रिय झालेला ब्रायन असे तिघे सुखाने नांदू शकतात. तिघांची नावं उलगडायची रीत मात्र वेगवेगळी.

लिहिलेलं नाव आणि ऐकू येणारं नाव

शोध लिखित रूपावरून घ्या, उच्चारावरून नको. डॅनिश लोक बरीच व्यंजनं गिळतात. नट मॅड्स मिकल्सन यांचं पहिलं नाव तिकडे 'मेस' असं ऐकू येतं, त्यातला 'ड' कुणी उच्चारत नाही. आंडर्सचं 'आनस' होतं. सिग्ने हे मुलीचं नाव 'सीने' असं म्हणतात. रोमन 'जे' दिसला की 'य' वाचा: येन्स, येपे. क्नुडमधला सुरुवातीचा 'क' मात्र स्पष्ट उच्चारायचा.

दुसरी अडचण 'ओ'सारख्या उच्चाराच्या एका स्वराची. पूर्वी तो रोमन 'ए' दोनदा लिहून दाखवत. 1948च्या शुद्धलेखन सुधारणेत त्याच्या जागी डोक्यावर छोटं वर्तुळ असलेलं अक्षर आलं, पण माणसांच्या नावांत जुनी पद्धत अजून चालते. हे अक्षर डॅनिश वर्णमालेत सर्वांत शेवटी येतं. त्यामुळे जोड 'ए'ने सुरू होणारं नाव डॅनिश सूचीत पहिल्या पानावर शोधत बसू नका, शेवटचं पान उघडा.

नाव पुरुषाचं की बाईचं, हे शेवटच्या स्वरावरून ठरवायला गेलात तर फसाल. येपे, एबे, ओवे, हेल्गे, फ्रोडे हे सगळे बाप्ये. कारेन, मारेन, किर्स्टेन या बायका.

जोडनाव असेल तर तोडा, पण परत जोडू नका

जुनी नॉर्स नावं, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतली नावं, बहुधा दोन तुकड्यांची असतात. नेहमी भेटणारे तुकडे: 'आस' म्हणजे देव, 'तोर' म्हणजे 'थोर' नावाचा नॉर्स देव, 'सिग' म्हणजे विजय, 'गुन' आणि 'हिल्ड' दोन्ही म्हणजे युद्ध, 'गेर' म्हणजे भाला, 'ब्यर्न' म्हणजे अस्वल, 'रिड' म्हणजे सुंदर, 'रुन' म्हणजे गूढ. आस्गर म्हणजे देव अधिक भाला. आस्ट्रिड म्हणजे देव अधिक सुंदर.

इथे थांबायचं. 'देवाचा भाला' असा समास सोडवून दाखवायचा मोह होतो, पण हे तुकडे अर्थपूर्ण वाक्प्रचार करण्यासाठी जोडलेलेच नव्हते. बापाच्या घराण्यातला एक, आईच्या घराण्यातला एक, असे ते पिढ्यान् पिढ्या फिरत राहत. पुरावा हवा असेल तर गुनहिल्ड पाहा. दोन्ही तुकड्यांचा अर्थ युद्ध. 'युद्ध-युद्ध' असं नाव अर्थ बघून कोण ठेवेल?

हे तुकडे झिजतात, हेही लक्षात ठेवा. एस्बेन म्हणजे मूळचा आस्ब्यर्न, टोर्बेन म्हणजे टोर्ब्यर्न. दोघांच्याही शेवटी अस्वलच आहे, फक्त ओळखू येत नाही. बोडिलच्या शेवटी 'हिल्ड' दडलेलं आहे. पहिला तुकडा 'उपाय, भरपाई' या अर्थाचा.

एकेरी नावं सोपी. क्नुड म्हणजे गाठ, स्वेन म्हणजे तरुण मुलगा, उल्फ म्हणजे लांडगा, फ्रोडे म्हणजे शहाणा. पण 'लिव' सोपं दिसतं म्हणून फसवतं. आजच्या डॅनिशमध्ये 'लिव' म्हणजे जीवन, आणि आई-बाप तोच अर्थ मनात धरून नाव ठेवतात. नावाचं मूळ मात्र 'संरक्षण' या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दात आहे. अशा वेळी दोन्ही अर्थ लिहावेत, आणि कुठला मूळचा, कुठला नंतर चिकटलेला, हे सांगावं.

संतांची नावं: झिजून झिजून एवढीशी

डेन्मार्क ख्रिस्ती झाल्यावर लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू नावं आली आणि विठ्ठलाचा विठू व्हावा तशी तोंडात रुळली. अस्सल डॅनिश वाटणारी बहुतेक नावं याच थरातली आहेत, आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात.

योहानेसपासून येन्स आणि हान्स. निकोलाउसपासून नील्स. लॉरेन्टियसपासून लार्स. याकोबपासून येपे आणि इब. मार्टिनचा मॉर्टेन, पाउलसचा पोल, इरॅस्मसचा रास्मुस, मथायसचा मॅड्स, मायकेलचा मिकेल. म्हणजे मॅड्स मिकल्सन या नावात व्हायकिंग काहीच नाही. दोन्ही नावं चर्चमधून आलेली. बायकांत काथारिनापासून कारेन आणि ट्रिने, मार्ग्रेथेपासून मेटे आणि ग्रेटे, सेसिलियापासून सिसेल, डोरोथेआपासून डोर्टे. लोने तर आबेलोनेचा, म्हणजे संत अपोलोनियाच्या नावाचा, उरलेला शेपटाचा तुकडा.

सोरेन हे सेवेरिनुसचं डॅनिश रूप, मुळाशी 'कठोर' या अर्थाचा लॅटिन शब्द. बिचाऱ्या सोरेनला भाषेत आणखी एक काम लागलं: सैतानाचं नाव तोंडावर येऊ नये म्हणून 'फॉर सोरेन!' असं चडफडायची पद्धत आहे.

आक्सेल हे नाव जर्मॅनिक वाटतं, पण ते बायबलमधल्या अब्सालोमचं डॅनिश रूप आहे. कोपनहेगनचा संस्थापक मानला जाणारा बिशप अब्सालोन याच नावाचा. वाल्डेमारची गोष्ट तर आणखी पूर्वेकडची. 1131 मध्ये जन्मलेल्या पहिल्या वाल्डेमार राजाची आई कीव्हच्या राजघराण्यातली होती, आणि त्याला नाव मिळालं ते पणजोबा व्लादिमीर मोनोमाख यांचं. तेव्हा ध्वनी आणि तुकड्यांवरून अंदाज बांधण्याआधी ते नाव डेन्मार्कमध्ये पहिल्यांदा कोणाला आणि का ठेवलं गेलं, ते बघा.

नोंदवह्यांतून माग काढताना

पूर्वज शोधत असाल तर एकाच माणसाची तीन रूपं गृहीत धरा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत लॉरिट्स, लग्नात लॉरिड्स, जनगणनेत लार्स. पाद्री आपल्या सवयीने लिही, घरचे आपल्या सवयीने हाक मारत. पेडर, पेर आणि पेटर यांचंही तसंच. 1645-46 पासून पाद्र्यांना चर्चच्या नोंदवह्या ठेवणं सक्तीचं झालं आणि 1787ची जनगणना देशभर उपलब्ध आहे. दोन्ही डॅनिश राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात.

'-सेन' म्हणजे मुलगा. येन्सचा मुलगा येन्सेन, मुलगी येन्सडाटर, आणि दर पिढीला आडनाव बदलायचं. 1828च्या फर्मानाने कायम आडनाव लावायला सांगितलं, पण खेड्यापाड्यांत जुनी रीत पुढे कित्येक दशकं रेंगाळली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या नोंदीत '-सेन' दिसलं की ते बापाचं नाव की घराण्याचं, हे बापाचं पूर्ण नाव तपासूनच ठरवा.

नाव का ठेवलं याचं उत्तर इथे बहुधा अर्थात नसून नात्यात असतं. पहिल्या मुलाला अनेकदा वडिलांच्या वडिलांचं नाव मिळे. विधुराने पुन्हा लग्न केलं तर नव्या बायकोच्या पहिल्या मुलीला मयत पहिल्या बायकोचं नाव देण्याची रीत होती. हे माहीत नसलं तर सावत्र बहिणींची आईच बदलून बसते. दोन्ही आजोबा नील्स असतील तर एकाच घरात दोन जिवंत नील्स सापडतात. ती लिहिणाऱ्याची चूक समजून एकाला खोडू नका.

आजचं नाव ठेवायचं असेल तर

2006 पासून लागू असलेल्या नाव कायद्यानुसार जन्मानंतर 6 महिन्यांच्या आत नाव नोंदवावं लागतं. आधी मंजूर नावांच्या याद्या पाहा: मुलांची, मुलींची आणि दोघांना चालणारी अशा त्या वेगळ्या आहेत. नाव यादीत असेल तर सरकारी संकेतस्थळावरून अर्ज करायचा, किंवा राष्ट्रीय चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला की नाव आपोआप नोंदलं जातं. अर्ज हाताळतं ते चर्चचं कार्यालय, मग तुम्ही कुठल्याही धर्माचे असा. दक्षिण युटलंडमध्ये, म्हणजे जर्मनीच्या सीमेलगतच्या भागात, हे काम नगरपालिकेकडे असतं. यादीत नसलेल्या नावासाठी वेगळी परवानगी मागावी लागते. मूल मोठं झाल्यावर त्याला त्रास होईल असं नाव असेल तर ती मिळत नाही. बापाच्या किंवा आईच्या नावाला '-सोन' किंवा '-डाटर' जोडून आडनाव करण्याची जुनी रीतही याच कायद्याने पुन्हा खुली झाली आहे.