कमावती पोरं, आई-वडील आणि एकच घर: रोजची वादावादी कशी कमी करायची

शिक्षण संपलं, नोकरी लागली किंवा पुण्याहून सोलापूरला परत आलात, आणि पुन्हा आई-वडिलांच्या घरात राहताय. घरात रोज कशावरून तरी वाजतंय. आधी दहा दिवस एका वहीत तीनच गोष्टी लिहा: किती वाजता वाजलं, कशावरून वाजलं आणि त्याआधी अर्धा तास घरात काय चाललं होतं. कोण चुकलं, ते लिहायचं नाही. दहा दिवसांनी वही चाळली की बहुतेक घरांत दिसतं, भांडणं दोन-तीनच आहेत, तीच ती आणि जवळपास ठरलेल्या वेळेला.

सोलापुरात त्यातलं एक बऱ्याचदा पाण्याचं असतं. नळाला पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा कधी पहाटे, कधी रात्री. वडील उठून मोटर लावतात, हौद, पिंपं, घागरी भरतात आणि पंचविशीतला मुलगा आत झोपलेला. दुपारी ताटावर विषय पगाराचा निघतो, पण मूळ पहाटेच्या पाण्यात असतं. म्हणून पाण्याचा दिवस पूर्ण आपल्याकडे घ्या. नुसती मदत नको. मदत करणाऱ्याला उठवावं लागतं, सांगावं लागतं आणि ठिणगी तिथंच पडते. गजर तुमचा, मोटर तुमची, ती कोरडी फिरू नये हे बघणं तुमचं, टाकी भरून वाहिली तर तेही तुमचंच. सलग तीन-चार वेळा हे पार पडलं की घरातला आवाज उतरलेला जाणवतो.

पैशाचंही तसंच. महिन्याला आईच्या हातात पाच हजार ठेवले तर ते किराण्यात विरघळतात आणि दोन महिन्यांनी 'घरात काय देतोस?' हा प्रश्न येतोच. त्यापेक्षा एक अख्खा खर्च उचला: विजेचं बिल किंवा गॅस आणि दूध. उन्हाळ्यात विजेचं बिल घेतलंत तर फार बरं, कारण एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असताना एसीवरून होणारी कटकट त्यातच मिटते. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट घेतो. कूलर तेवढ्याच युनिटात पाच-सहा तास चालतो. घरगुती दर 100 युनिटांनंतर चढतो आणि 300 नंतर आणखी. हे आकडे मांडून अप्पांशी, म्हणजे वडिलांशी, बोललात तर बोलणं बिलावर राहतं, स्वभावावर जात नाही.

आता प्रत्यक्ष बोलायचं कसं. जेवताना नाही, पाहुण्यांसमोर नाही, रात्री उशिरा दारात तर नाहीच. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी चालताना बोलणं सोपं जातं. सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला फेरी मारा. वीस मिनिटं, विषय एकच. वाक्य असं असावं: 'अप्पा, अकरानंतर येणार असेन तर नऊच्या आत फोन करीन. फोन केला असेल तर दारात विचारू नका, सकाळी बोलू.' आधी स्वतःकडचं, मग मागणं. 'तुमचा काळ वेगळा होता' हे वाक्य टाळा. त्यापुढचं ते काहीच ऐकत नाहीत.

बिघडतं ते तीन ठिकाणी. एक, दुसरा विषय घुसतो: उशिरा येण्यावरून लग्न, लग्नावरून चुलतभावाची नोकरी. तेव्हा 'ते रविवारी बोलू' म्हणा आणि रविवारी खरंच बोला. दुसरं, आईला निरोप्या करणं. तिच्या तोंडून गेलेला निरोप कमी-जास्त होतो आणि शिव्या तिला बसतात. तिसरं, तिसऱ्या आठवड्यात ठरलेलं मोडतं. तेव्हा कारणं देऊ नका. त्याच दिवशी 'चुकलं, उद्यापासून पुन्हा' एवढंच.

नोकरी सोडून एमपीएससी करणाऱ्यांनी तारीख ठरवल्याशिवाय बोलूच नये. कोणती परीक्षा, कितव्या प्रयत्नापर्यंत, तोवर खर्चाला काय आणि नाही झालं तर कोणतं काम, हे एका कागदावर लिहून द्या. ज्या माणसानं सोलापुरातली लक्ष्मी-विष्णू ही कापडाची मिल बंद झाल्यावर घराघरांतल्या चुली मंदावलेल्या बघितल्या, त्याला 'बघू पुढचं पुढं' हे ऐकवत नाही. तो हट्ट नाही, भीती आहे. कागदावरची तारीख तिला थोडी आवरते.

मारहाण, दारू, कोंडून ठेवणं असेल तर वही-फेरी बाजूला ठेवा. तातडीला 112, महिलांसाठी 181. घरातल्या हिंसेपासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा लेकीलाही लागू आहे. त्रास मुलाकडून साठीच्या पुढच्या आई-वडिलांना होत असेल तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, आणि आई-वडील व ज्येष्ठांसाठीच्या 2007 च्या कायद्याखाली प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. मनावर फार ताण आला असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416.

सगळं करूनही जमत नसेल तर जुळे सोलापुरात किंवा विजापूर रोडला खोली बघा, पण भांडणाच्या दिवशी सामान उचलू नका. महिनाभर आधी सांगा, बिलाचा वाटा चालू ठेवा आणि पाण्याच्या दिवशी मोटर लावायला या.