कानाचं मशीन शिट्टी मारतंय? आधी या चुका टाळा

आजोबांचं मशीन शिट्टी मारायला लागलं की घरात एकच निकाल, बिघडलं! बऱ्याचदा काहीही बिघडलेलं नसतं. स्पीकरमधून बाहेर निसटलेला आवाज परत माईकमध्ये शिरला की शिट्टी वाजते, मग मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, नीट बसला नसेल, कानात मळ असेल किंवा निफाडचा पारा उतरल्यावर आपल्याकडे सगळे गुंडाळतात तसा कानावरून मफलर असेल, तरी वाजणारच. आधी मफलर काढून बघा बरं.

आवाजच येत नसेल तर टोकाचा वॅक्स गार्ड, म्हणजे मळ अडवणारी बारीक जाळी, बघा, मळाने बुजलेला असतो. तो बदलायचा, तिथे सेफ्टी पिन घालू नका प्लीज. ब्रशने झटकताना टोक खाली ठेवा, म्हणजे मळ आत जात नाही.

बॅटरीचं तर विचारूच नका. ही झिंक-एअरची, स्टिकर काढला की हवा लागून चालू होते, म्हणून काढल्यावर एखाद मिनिट तशीच ठेवायची आणि मग बसवायची. रात्री स्टिकर परत चिकटवून बॅटरी वाचत नाही, उगाच खटाटोप. आणायला जाताना स्टिकरचा रंग बघून जा, तपकिरी म्हणजे ३१२ नंबरची, केशरी म्हणजे १३ नंबरची.

पावसाळ्यात घाम आणि दमट हवा, म्हणून रात्री बॅटरीचं झाकण उघडून मशीन सिलिका जेलच्या डबीत. उन्हात नाही, हेअर ड्रायर तर अजिबात नाही. रामकुंडात डुबकी मारायच्या आधी काढायचं हे सांगायला नको, पण सांगतोच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कानाची तपासणी न करता ऑनलाइन स्वस्तातलं मागवणं. वयामुळे बहुतेकांचे आधी बारीक, उंच आवाज जातात, स, फ, थ असे, म्हणून 'ऐकू येतं पण कळत नाही' म्हणतात. ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख, बघून तेवढेच आवाज वाढवावे लागतात, सरसकट वाढवले की भांड्यांचा खणखणाट तेवढा वाढतो. आणि नवीन मशीन चार दिवसांत कपाटात टाकू नका, मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात, रोज दोन-तीन तासांपासून सुरुवात करा. चांगलं मशीन नीट लावूनही बोलणं कळत नसेल तर कॉक्लियर इम्प्लांटबद्दल, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या यंत्राबद्दल, विचारा, त्यातल्या इलेक्ट्रोडने थेट ऐकण्याच्या नसेलाच सिग्नल जातो.

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मात्र मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका, त्याच दिवशी ईएनटीकडे जा. स्टिरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो, दोन आठवडे गेले की आशा कमी होत जाते.