डबा सुरू करण्याआधी

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ भागात स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी डबे सुरू करायचे असतील, तर भांडी घेण्याआधी महिनाभर हातात ठेवा. पहिला आठवडा नुसता बघण्यात घालवा. एखाद्या अभ्यासिकेच्या दाराशी दुपारी बारा ते अडीच आणि रात्री साडेसात ते साडेनऊ थांबायचं. किती डबे येतात, किती मुलं मेसला जातात, वडापाव-चहावर कितीजण भागवतात, हे वहीत मांडा. सोमवारचा आणि रविवारचा आकडा वेगळा धरा. बऱ्याच मेस रविवारी रात्री बंद असतात आणि खरी अडचण तेव्हाच दिसते.

मग वीस-पंचवीस जणांशी बोला, पण नातेवाईक आणि ओळखीची मुलं वगळून. ‘माझा डबा घ्याल का?’ हे विचारूच नका. समोरचा भिडेखातर हो म्हणतो आणि त्या होकारावर पातेली विकत घेतली जातात. त्याऐवजी काल रात्री काय जेवलात, किती पैसे गेले, आधीचा डबा का सोडला, हे विचारा. उत्तर चवीपाशी थांबलं तर आणखी खोदा. पोळ्या वातड होत्या, आमटी सांडून पिशवी तेलकट झाली, गावी गेल्यावर खाडे धरले नाहीत, अशी कारणं मागाहून निघतात. खाड्यांचा वाद तर हमखास. सोमवार-चतुर्थीचे उपवास किती जण करतात तेही नोंदवा. आणि पैसे गावाहून वडील पाठवत असतील तर भाव त्यांच्या खिशाला पटायला हवा, चव मुलाला.

भाव काढताना १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर धरा, घरगुती १४.२ किलोचा या कामाला चालत नाही. एका गिऱ्हाइकामागे दोन डबे लागतात, कारण एक घासायला आलेला असतो.

शेवटी दहा जणांना पंधरा दिवस डबा द्या, पूर्ण भावाने आणि आगाऊ पैसे घेऊन. फुकटच्या डब्याला कुणी नावं ठेवत नाही. परत आलेला प्रत्येक डबा उघडून बघा: रोज भात उरत असेल तर भात कमी करून एक पोळी वाढवा, भाजी उरली तर कोणती ते लिहा. सोळाव्या दिवशी स्वतःहून पुढचे पैसे किती जण देतात ते मोजा. दहात सहाच्या खाली आले तर पातेली अजून दुकानातच राहू द्या.