दुसरा पास रशर शोधताना या चुका टाळा

मार्च महिन्यात, संघ नवे खेळाडू करारबद्ध करतात तेव्हा, अमेरिकन फुटबॉलमधल्या डेट्रॉइट लायन्सच्या कुठल्याही चाहत्याला गाठा, मागणी ठरलेली: मुख्य पास रशर (क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर, धावून जाणारा बचावपटू) एडन हचिन्सनच्या जोडीला पलीकडच्या बाजूला कोणीतरी आणा. मागणी रास्तच आहे. घोळ होतो तो हा 'कोणीतरी' निवडताना.

हचिन्सन ज्या बाजूला उभा असतो तिथल्या टॅकलच्या (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीच्या टोकाच्या खेळाडूच्या) मदतीला प्रतिस्पर्धी टाइट एंड नाहीतर रनिंग बॅक असा आक्रमणातला आणखी एक खेळाडू ठेवतात, टॅकलशेजारचा गार्डही तिकडे सरकतो. पलीकडच्या टॅकलला मग बहुतेक वेळा एकट्यानेच निभवावं लागतं. दुसऱ्या रशरने ही एकास एक लढत अडीच-तीन सेकंदांत जिंकायची असते. तो अडला की क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला दोन पावलं सरकतो आणि निवांत चेंडू फेकतो. हचिन्सनची मेहनत पाण्यात.

म्हणून नुसते सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) मोजून माणूस घेऊ नका. कित्येक सॅक आयते मिळतात: पास झेलणारा रिसीव्हर मोकळा नसतो, क्वार्टरबॅक घुटमळतो, किंवा दुसऱ्याच कुणीतरी त्याला पळवून याच्या हातात आणून दिलेलं असतं. त्यापेक्षा थर्ड डाउनचे (चारपैकी तिसऱ्या, बहुधा पासच्या प्रयत्नातले) स्नॅप, म्हणजे खेळी, बघा. पहिला डाव अडवला गेल्यावर याच्याकडे दुसरा डाव आहे का? क्वार्टरबॅक पळणारा असेल तर हा आपली वाट सोडून आत घुसतो का?

ब्राइस हफचं उदाहरण घ्या. 2023 मध्ये जेट्सकडून 10 सॅक, पण निम्म्याहून कमी स्नॅप खेळून, मुख्यतः पासच्या प्रसंगी. ईगल्सने त्याला तीन वर्षांचा 51 दशलक्ष डॉलर्सपर्यंतचा करार दिला. 2024 मध्ये सॅक अडीच, आणि सुपर बोलच्या (अंतिम सामन्याच्या) दिवशी तो खेळणाऱ्यांच्या यादीतही नव्हता. माणूस वाईट नव्हता, काम चुकीचं दिलं.

दुखापतींचा इतिहास डोळ्याआड करणं ही त्याहून महागडी चूक. मार्कस डेव्हनपोर्टच्या गुणवत्तेबद्दल वाद नाही. 2021 मध्ये सेंट्सकडून 11 सामन्यांत 9 सॅक. लायन्सने 2024 मध्ये त्याला एका वर्षासाठी घेतलं, तिसऱ्याच आठवड्यात कोपर गेलं आणि हंगाम संपला. 2025 मध्ये पुन्हा त्यालाच घेतलं, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जायबंदी. पहिल्यांदा तो जुगार होता. दुसऱ्यांदा काय होतं ते चाहत्यांना विचारा, छापण्याजोगं उत्तर मिळणार नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये डॅलसमध्ये हचिन्सनचा पाय मोडला, तेव्हा या निष्काळजीपणाची खरी किंमत कळली. तोवर पाच सामन्यांत त्याचे साडेसात सॅक झाले होते. दुसराच नाही, तर पहिल्याची जागा कोण घेणार? नोव्हेंबरमध्ये ब्राउन्सकडून झडेरियस स्मिथ आणला. तो बरा खेळलाही, पण ऐन हंगामात घाईने केलेली खरेदी ती. उरलेली कसर लायन्सने ब्लिट्झ (जादा बचावपटू क्वार्टरबॅकवर धाडणं) वाढवून भरली, आणि ब्लिट्झमध्ये मागे माणसं कमी पडतात. जानेवारी 2025 मध्ये बाद फेरीत वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्सने 299 यार्ड पास केले. 15-2 अशी कामगिरी करून आलेला संघ घरच्या मैदानावर 45-31 ने हरला. (आक्रमणाने चेंडूही भरपूर गमावले, सगळं खापर बचावावर फोडू नये.)

त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये ईगल्सने एकदाही ब्लिट्झ न करता कॅन्सस सिटीच्या क्वार्टरबॅक माहोम्सला सहा वेळा पाडलं. माणसं अदलून-बदलून, ताज्या पायांनी, आणि त्यात मधल्या फळीतल्या मिल्टन विल्यम्सचाही वाटा. दुसरा रशर फळीच्या कडेनेच आला पाहिजे असं कुठे लिहिलंय?

तो मोठ्या नावाचाच हवा असंही नाही. हचिन्सनच्या दुखापतीनंतर लायन्सने अल-क्वाडिन मुहम्मदला सराव पथकात घेतलं होतं, त्याने 2025 मध्ये दोन आकडी सॅक केले.

हंगाम सुरू झालाय आणि पलीकडचा टॅकल अजूनही निवांत दिसतोय? मग अधूनमधून हचिन्सनलाच त्या बाजूला किंवा गार्डसमोर उभा करा. मदत कुठे पाठवायची हे प्रतिस्पर्ध्याला दर स्नॅपआधी नव्याने शोधू दे.