रविवारी मुलांकडून काळ्या रेघेवरून चालणारी रोबोगाडी करून घ्यायची, तर शनिवारी रात्री काय बघाल?

सगळ्यात आधी सेल. स्वस्त किटमध्ये ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी येते. तिच्यात मोटरींना पुरेल एवढा दम नसतो; चाकं फिरायला लागली की आर्डुइनो, म्हणजे गाडी चालवणारा छोटा कॉम्प्युटर-बोर्ड, रीसेट होतो आणि मुलं बिचारी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. त्यापेक्षा ६ पेन्सिल सेल बसतील असा होल्डर आणा, सेलचा एक जोड जास्तीचा ठेवा. १८६५० नावाचे चार्ज होणारे लिथियम सेल दमदार खरे, पण शॉर्ट झाले तर भयंकर तापतात. लहान मुलांच्या हातात मी ते देत नाही.

उनो या नेहमीच्या आर्डुइनो बोर्डाला बहुधा मोबाइलची केबल चालत नाही, प्रिंटरची लागते. ती शोधून ठेवा. बोर्ड स्वस्तातला असेल तर त्यावर लॅपटॉपशी बोलणारी बहुतेक सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर (ती ओळखणारं सॉफ्टवेअर) लॅपटॉपवर रात्रीच टाका. सोबत एमब्लॉक हे सॉफ्टवेअर, म्हणजे मुलं पडद्यावरचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करतील. कोड टाइप करण्याची, सेमीकोलनची कटकट पुढच्या वर्षी.

एल२९८एन ड्रायव्हर (हा मोटरींना वीज पुरवणारा बोर्ड), दोन बीओ मोटरी (गिअरवाल्या छोट्या मोटरी), कुठेही वळणारं कॅस्टर चाक आणि रेघ ओळखणारे दोन आयआर, म्हणजे इन्फ्रारेड, सेन्सर एका डब्यात भरा. बॅटरीची ऋण तार उनोच्या ग्राउंडलाही (GND लिहिलेल्या पिनला) जोडलीय ना, हे स्वतः तपासा. ती राहिली तर गाडी धड चालणारच नाही. एखादी मोटर उलटी फिरत असेल तर मात्र मुद्दाम तशीच राहू द्या. दोन तारांची अदलाबदल केली की ती सुलट फिरते, हे मुलांनाच सापडू दे.

मार्गासाठी पांढरी कार्डशीट आणि काळी इन्सुलेशन टेप. वळणं ऐसपैस घ्या. शीट खिडकीपासून लांब अंथरा, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतं आणि सेन्सर गोंधळतो. सेन्सरचा बारका स्क्रू फिरवायला घड्याळजीकडे असतो तसला स्क्रूड्रायव्हर हवा.

पहिला अर्धा तास लॅपटॉप बंदच ठेवा. एका मुलाला रोबो करा, बाकीच्यांनी चिठ्ठीवर हुकूम लिहायचे: दोन फरश्या पुढे, उजवीकडे वळ. ‘उजवीकडे जा’ म्हटलं की आपण वळून चालायलाही लागतो. रोबोला वळणं वेगळं सांगावं लागतं, चालणं वेगळं. १९६७ साली अमेरिकेत मुलांसाठी तयार झालेल्या लोगो या प्रोग्रॅमिंग भाषेतलं, हुकूम दिला की हलणारं कासवही असंच चालायचं. या खेळासाठी खडू आणि चिठ्ठ्या भरपूर घ्या.

प्रोग्रॅम चढवताना गाडीखाली दोन जाड पुस्तकं ठेवा, चाकं अधांतरी राहतील. नाहीतर गाडी टेबलावरून थेट खाली. आणि एका गाडीमागे तीनच मुलं. चौथा रिकामा बसला की सेन्सर उपटतो.