विधवा प्रथा बंदीचा ठराव झाला, आता पुढे काय? गावात बोलायचं कुणाशी, कधी आणि कसं

हेरवाडचं नाव आता बहुतेकांना माहितीये. कोल्हापूर जिल्हा, शिरोळ तालुका. 4 मे 2022 ला तिथल्या ग्रामसभेने ठरवलं की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं, जोडवी काढणं हे आपल्या गावात बंद. सूचक आणि अनुमोदक दोघी बायकाच होत्या. आणि दोन आठवड्यांच्या आत, 17 मे ला, ग्रामविकास विभागाचं परिपत्रक निघालं की बाकीच्या ग्रामपंचायतींनीही असंच करावं. एरवी वरून आदेश येतो आणि गाव सही करतं, इथे उलटं झालं, गावाने केलं आणि मंत्रालय मागून आलं, म्हणून मला हे प्रकरण फार महत्त्वाचं वाटतं.

पण त्यानंतर गावोगावी जे ठराव झाले त्यातले बरेच परिपत्रक आलंय म्हणून झालेत. विषय क्रमांक सात, सर्वानुमते मंजूर, चहा. पुढच्याच महिन्यात मयत झाली की तेच सगळं, कारण ज्या बायका बांगड्या फोडतात त्या ग्रामसभेला आलेल्याच नसतात आणि त्यांना कुणी सांगितलेलंही नसतं. म्हणून हे लिहितोय. तुम्ही सरपंच असाल, बचत गटाच्या सीआरपी (गटांचं काम बघणारी गावातलीच ताई) असाल, आशाताई असाल नाहीतर गावातला एखादा खटपट्या पोरगा असाल, ठरावाच्या आधी आणि नंतर बोलायचं काम कसं करायचं त्याबद्दल आहे हे.

पहिलं म्हणजे, हे नेमकं कोण करतं ते शोधा

"समाजात जागृती केली पाहिजे" असं म्हटलं की काम संपतं, कारण समाज नावाच्या माणसाचा पत्ता कुणाकडेच नसतो. त्यापेक्षा गावातल्या मागच्या काही मयती आठवा आणि विचारा, बांगड्या कुणी फोडल्या? कुणी सांगितलं की आता फोडा? कधी, अंत्ययात्रा निघायच्या आधी की दहाव्याला नदीवर? माहेरहून काय आणलं, कुणी आणलं? प्रत्येक गावात, खरंतर प्रत्येक आळीत आणि जातीत याची उत्तरं वेगळी येतात. पण नावं काढायला बसलात की कळतं, अख्ख्या गावात मिळून हे करणारे हात फार थोडे आहेत. दोन-चार जाणत्या म्हाताऱ्या, त्यातल्या बऱ्याचदा स्वतः विधवा. विधी सांगणारे भटजी नाहीतर जंगम स्वामी. आणि भावकीतला एखादा मोठा माणूस जो ओट्यावरून ओरडतो, "उरका लवकर".

तुमचं काम या लोकांशी आहे. गावातल्या बाकी दोन हजार लोकांशी नंतर.

ही युक्ती नवीन नाही. 1890 च्या सुमारास मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा घेऊन ठरवलं होतं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. म्हणजे ज्यांना प्रथा हवी होती त्यांची मनं बदलायची वाट न बघता ज्याच्या हातात वस्तरा होता त्यालाच बाजूला घेतलं. हे डोक्यात ठेवून गावाकडे बघा.

बोलायचं कधी

मयत झाल्यावर नाही. त्या दिवशी घरात रडारड असते, पाहुणे येत असतात, कुणाला काही सुचत नसतं, आणि अशा वेळी माणूस जे ठरलेलं असतं तेच करतो. त्या दिवशी तुम्ही परिपत्रक घेऊन दारात उभे राहिलात तर लोक तुम्हाला हाकलतील आणि बरोबरच करतील. सगळं बोलणं आधी, घरात सगळे धडधाकट असताना.

जाणत्या म्हातारीकडे घोळका न करता जा, शक्यतो तिच्या नात्यातल्या किंवा शेजारच्या बाईला घेऊन. पुरुषांनी तर जाऊच नये पहिल्यांदा. आणि भाषण द्यायचं नाही, विचारायचं. साधारण असं:

"आजी, आजोबा गेले तेव्हा तुम्ही किती वर्षांच्या होता?"
"असेन की पंचवीस-तीसची. धाकटा मांडीवर होता."
"तेव्हा बांगड्या कुणी फोडल्या?"
"नणंदेनं. हाताला काच लागली, रगत आलं. कोण बघतंय त्या वक्ताला."
"मग आता तुम्ही दुसरीच्या फोडताना काय वाटतं?"

इथे गप्प बसायचं. खरंच गप्प बसायचं, लगेच मुद्द्यावर उडी मारायची नाही. बऱ्याच आजी स्वतःच म्हणतात की मला तरी कुठं आवडतं, पण मी नाही केलं तर लोक म्हणतील हिला रीत कळत नाही. म्हणजे आजीला प्रथेचा फार पुळका असतो असं नाही, तिला तिचा मान हवा असतो, मयतीच्या घरी तिला बोलावतात, तिचं ऐकतात, तो मान. तो काढून घेऊ नका, त्याला दुसरं काम द्या. "आजी, पुढच्या वेळी तुम्हीच पुढं व्हा आणि सांगा की आपल्या गावात आता हे करत नाहीत. तुम्ही म्हटलं की कुणी बोलणार नाही." हे वाक्य पाठ करा. माझ्या मते सगळ्या पोस्टर-बॅनरपेक्षा हे जास्त चालतं.

भटजी, स्वामी यांच्याशी बोलताना धर्मावर वाद नको. त्यांना एवढंच विचारा की विधीत बांगड्या फोडायचा मंत्र आहे का, आणि नसेल तर तुम्ही तसं चार लोकांत सांगाल का. काही जण सांगतील, काही टाळतील, टाळणाऱ्याच्या मागे लागू नका.

नवऱ्यांना मोकळं सोडू नका

हा माझा आवडता भाग. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे, ज्यांच्या प्रयत्नातून हा विषय हेरवाडपर्यंत पोचला, त्यांनी स्वतः स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं होतं की माझ्यानंतर माझ्या बायकोवर असली कुठलीही प्रथा लादू नये. हे किती हुशारीचं आहे बघा. मयतीच्या दिवशी सगळे म्हणतात "त्याच्यासाठी करायचंय", आणि त्यानेच आधी लिहून ठेवलंय की माझ्यासाठी करू नका! मग भावकीला बोलायला जागाच उरत नाही.

तर गावातल्या पाच-दहा पुरुषांकडून असं लिहून घ्या. सरपंच, उपसरपंच, तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष, सोसायटीचा चेअरमन, माळकरी मंडळी, तालमीतली पोरं. साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर असला तर घरच्यांना वजन वाटतं एवढंच. सही करताना बायको शेजारी असावी. मग सहमती घेऊन तो फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, खाली दोनच ओळी: "मी लिहून दिलंय. तुम्ही?" बास. सावित्रीबाईंचा फोटो, कविता, हात जोडलेले इमोजी, काही नको. लोक वाचत नाहीत ते.

ठरावाची कागदाची बाजू

यात फार वेळ घालवू नका पण चुकवूही नका. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते, त्यात हा विषय स्वतंत्र लिहून यायला हवा, "ऐनवेळचे विषय" मध्ये ढकललात तर नंतर कुणीही म्हणेल आम्हाला माहीतच नव्हतं. कोरम 15 टक्के मतदार किंवा 100, जे कमी असेल ते. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची असते, ती बऱ्याच गावात रजिस्टरमध्येच होते, या वेळी खरोखर घ्या आणि विषय तिथूनच पुढे येऊ द्या.

ठरावात "अनिष्ट प्रथा बंद करण्यात याव्यात" असलं गोलगोल लिहू नका, कृत्यं लिहा, हेरवाडच्या ठरावात होती तशी. आणि एक ओळ आवर्जून घाला, की एखाद्या बाईला स्वतःहून काही काढावंसं वाटलं तर तो तिचा निर्णय, पण तिला कुणी काढायला लावणार नाही आणि ठेवायलाही लावणार नाही. नाहीतर उत्साही कार्यकर्ते दहाव्याला कुंकवाचा करंडा घेऊन हजर होतात, ती पण जबरदस्तीच झाली की.

दंडाची भाषा टाळा. परिपत्रक म्हणजे कायदा नाही, मोडलं म्हणून पोलीस येत नाहीत, आणि हे गावाला पाच मिनिटात कळतं. मात्र एखाद्या घराने प्रथा पाळली नाही म्हणून भावकीने वा जातपंचायतीने त्यांना वाळीत टाकलं तर तिथे कायदा आहे, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा 2016 चा, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे धमकी म्हणून फिरवू नका, घाबरलेल्या घराला धीर म्हणून सांगा.

मान आणि कागदपत्रं एकत्र

माझं स्पष्ट मत आहे की नुसतं कुंकवावर बोलून काम अर्धंच राहतं. नवरा गेलेल्या बाईला त्या तेरा दिवसात कपाळापेक्षा सातबाऱ्याची काळजी जास्त असते, असायलाच हवी. म्हणून ज्या आशाताई किंवा बचत गटाच्या ताई त्या घरी जाणार आहेत त्यांच्याकडे एक साधी चिठ्ठी असू द्या. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण लोक तलाठीच म्हणतात), त्यात तिचं नाव सुटलं नाही ना ते बघणं. कुठल्याच कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नाही, हक्कसोड पत्रावर तर इतक्यात मुळीच नाही. बँक पासबुक बघा, 436 रुपये कापले गेले असतील तर जीवन ज्योती विम्याचे दोन लाख मिळू शकतात, आणि हे अनेक घरांना माहीतच नसतं कारण फॉर्म बँकेने भरून घेतलेला असतो. घर दारिद्र्यरेषेखालचं असेल आणि कमावता माणूस साठीच्या आत गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी 20 हजार. संजय गांधी निराधार योजनेत बसत असेल तर महिना 1500.

याचा बोलण्याशी काय संबंध? आहे ना. ज्या ताईने विम्याचं काम करून दिलं तिचं दहाव्याला ऐकतात. जी नुसती उपदेश करून गेली तिचं नाही.

मग वर्षभर काय करायचं

मयत रोज होत नाही, सुदैवाने, पण बाईला बाजूला ठेवायचे प्रसंग वर्षभर चालू असतात. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू. लग्नात नवरीला हळद लावणं. डोहाळजेवण, ओटी भरणं, गृहप्रवेश. प्रथा बंद झाली की नाही ते इथे दिसतं. बचत गटाच्या हळदीकुंकवाला सगळ्यांना सारखं आमंत्रण द्या, "विधवा भगिनींचा विशेष सन्मान" असा वेगळा बोर्ड लावू नका, वेगळ्या खुर्च्या नकोत, शाल-श्रीफळ नको. ज्याला त्याला तिळगूळ द्यायचा तसाच त्यांना. काही जणी आल्यावर दारातच थांबतात, किंवा हात मागे घेतात. तेव्हा "अहो या ना, लाजता काय" म्हणून सगळ्यांसमोर ओढू नका, ओळखीच्या वहिनीला शेजारी बसवा, पुढच्या वर्षी बघू. वाण मात्र द्याच.

15 ऑगस्टचं झेंडावंदन वगैरे नवरा गेलेल्या बाईच्या हातून एकदा करायला हरकत नाही, पेपरात फोटो येतो, माहेरपर्यंत बातमी जाते. पण दरवर्षी तिला "विधवा म्हणून" पुढे करणं म्हणजे पुन्हा तेच, नाही का.

विरोध येणार. "आता बायका मोकाट सुटतील" म्हणणारा एक तरी असतोच, ग्रुपवर त्याच्याशी भांडत बसू नका, भांडण बघायला सगळं गाव जमतं आणि त्याचाच मुद्दा चार वेळा वाचला जातो. त्याच्या आईला, सासूला, बहिणीला गाठा. आणि खरा अवघड विरोध तो नसतोच, खरा अवघड म्हणजे ज्या बायकांच्या वेळी हे सगळं झालं त्यांचा. "आमचं झालं, हिचं का नको?" या बोलण्यात राग असतो आणि तो खोटा नसतो. त्याला उत्तर देऊ नका, ऐकून घ्या. यातल्याच काही जणी पुढे सगळ्यात ठाम उभ्या राहतात, फक्त त्यांना आधी त्यांचं बोलू द्यायला लागतं.

झालं की नाही ते मोजायचं कसं

ठरावाची प्रत आणि किती बॅनर लागले हा हिशोब पंचायत समितीला द्या, त्यांना लागतो. तुमच्यासाठी वेगळी वही करा. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदीतून ठरावानंतर विवाहित पुरुषांचे किती मृत्यू झाले ते काढा आणि प्रत्येक घराबद्दल तीनच गोष्टी लिहा, त्या दिवशी काय झालं, कुणी अडवलं किंवा कुणी करायला लावलं, आणि वारस नोंदीत बाईचं नाव लागलं का. घरी फॉर्म घेऊन जाऊ नका, दोन-तीन महिन्यांनी आशाताई किंवा शेजारीण सहज बोलताना कळतं तेवढंच पुरे. नावं वहीच्या बाहेर जाऊ देऊ नका, ग्रुपवर तर अजिबातच नाही, कारण ज्या घरात बांगड्या फुटल्या त्या घराला लाजवलं की पुढचं घर तुम्हाला दारातच उभं करणार नाही.

पुढच्या ग्रामसभेत नावं न घेता फक्त आकडे वाचा, इतक्या मयती, इतक्या घरी प्रथा झाली नाही, इतक्या नोंदी झाल्या, इतक्या अडकल्यात. अडकलेल्या नोंदींवर तलाठ्याला तिथेच उभं राहून उत्तर द्यायला लावा, आणि तो आला नसेल तर इतिवृत्तात तसं लिहून घ्या, त्याची प्रत तहसीलला पाठवा.