सीआरटी प्रोजेक्टरसाठी पडदा किती मोठा? ड्रिल लावण्याआधीची तयारी

तीन ट्यूबचा जुना सीआरटी प्रोजेक्टर, म्हणजे जुन्या टीव्हीसारख्या काचेच्या चित्रनळ्यांतून पडद्यावर चित्र फेकणारं मशीन, घरी आणायचं ठरलं की पहिला प्रश्न एकच असतो, किती इंची पडदा बसेल? त्याचं उत्तर भिंतीकडे बघून देऊ नका. भिंत बारा फुटांची असली तरी हे मशीन बारा फूट उजळू शकत नाही. आजचे डिजिटल प्रोजेक्टर हजारो लुमेन (उजेड मोजायचं एकक) फेकतात, त्यामुळं आपल्या डोक्यात मापं मोठी बसली आहेत. सीआरटीचं बळ वेगळं आहे. त्याचा काळा रंग खरोखर काळा असतो आणि हलतं चित्र पुसट होत नाही. पण हे सुख पडदा आवाक्यात असेल तरच मिळतं. माझं मत स्पष्ट आहे, मनात जे माप आहे त्यापेक्षा एक माप खाली उतरा.

सुरुवात ट्यूबपासून करा. मशीनमध्ये लाल, हिरवी आणि निळी अशा तीन ट्यूब असतात आणि त्यांचं माप 7, 8 किंवा 9 इंच असतं. 7 इंची मशीनला सहा फूट रुंदीचा पडदा झेपतो, 8 इंचीला सात, फार तर आठ. 9 इंचीला नऊ-दहा फुटांपर्यंत जाता येतं, पण ती मशीनं अवजड आणि महाग. हे आकडे ट्यूब चांगल्या असतील तर. म्हणून पैसे देण्याआधी मशीन बंद असताना प्रत्येक लेन्समधून टॉर्च मारून आत बघा. ट्यूबच्या तोंडावर पिवळट-करडा चौकोन उमटलेला दिसला, तर तिथला फॉस्फर, म्हणजे ट्यूबच्या तोंडावरचा उजळणारा थर, झिजलाय. तो चौकोन आडवा, 16:9 च्या (आजच्या रुंद चित्राच्या) आकाराचा असेल, तर 4:3 चं (जुन्या टीव्हीसारखं) पूर्ण चित्र लावल्यावर मधला पट्टा वेगळा दिसणार. लेन्सच्या मागं ट्यूब थंड ठेवणारं ग्लायकॉल नावाचं द्रव असतं, त्यात बुरशीचे धागे किंवा धुकट थर दिसतो का तेही याच वेळी बघून घ्या. आपल्याकडं पावसाळ्याचे चार महिने हवा ओली असते, त्यामुळं कोल्हापुरात वर्षानुवर्षं बंद पडून राहिलेलं मशीन घेताना ही तपासणी सोडूच नका. ट्यूब थकलेल्या असतील तर ठरवलेल्या रुंदीतून आणखी अर्धा फूट कमी करा.

यानंतर उजेडाचा हिशेब. माहितीपत्रकावर हजार-बाराशे लुमेन छापलेलं असतं. तो पीकचा आकडा, म्हणजे पडद्याचा छोटासा भागच पांढरा असताना मोजलेला. पूर्ण पडदा पांढरा केला तर 7-8 इंची मशीनचा खरा उजेड साधारण 150 ते 250 लुमेन भरतो. 200 धरून चालू. लुमेनला पडद्याच्या चौरस फुटांनी भागायचं आणि पडद्याच्या गेननं, म्हणजे पडदा उजेड किती परत फेकतो त्या आकड्यानं, गुणायचं, की फूट-लॅम्बर्ट, म्हणजे पडद्यावर दिसणारा उजेड, मिळतात. गेन 1 असलेला, सहा फूट रुंद 16:9 पडदा म्हणजे सव्वावीस चौरस फूट, उत्तर आलं जवळपास 10. आठ फूट रुंद केला की 36 चौरस फूट, उत्तर साडेपाच. दहा फुटांवर नेलात तर साडेतीनच्या आसपास. थिएटरमध्ये हाच आकडा 14 ते 16 ठेवतात. घरात, पूर्ण अंधारात, 8 ते 10 मध्ये चित्र भरदार दिसतं. पाचाच्या खाली पांढरा शर्ट राखाडी दिसायला लागतो.

इथं बहुतेक जण कॉन्ट्रास्ट वाढवून मोठा पडदा भरून काढायला जातात. तसं करू नका. कॉन्ट्रास्ट ताणला की ट्यूबवर चित्र काढणारा उजेडाचा ठिपका फुगतो. सिनेमाच्या शेवटी काळ्यावर पांढरी नावं वर सरकतात ती जवळ जाऊन बघा, अक्षरांच्या कडा पसरून दोन काने एकमेकांत मिसळलेले दिसतील. शिवाय फॉस्फर जास्त वेगानं झिजतो आणि या ट्यूब आता नव्यानं कुणी बनवत नाही. मोठ्या पडद्याची किंमत शेवटी ट्यूबच भरते.

आता टेप आणि सुतळी घ्या. या मशीनना झूम नसतो. पडद्याची रुंदी ठरली की लेन्सपासून पडद्यापर्यंतचं अंतरही ठरलं, ते लेन्सप्रमाणं रुंदीच्या साधारण सव्वा ते दीडपट असतं. नेमका आकडा तुमच्याच मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या तक्त्यातून घ्या, दुसऱ्या मॉडेलचा चालत नाही. तक्ता वाचताना एक खबरदारी घ्या. जुन्या मॅन्युअलमध्ये 100 इंच म्हणजे 4:3 चा कर्ण, म्हणजे रुंदी 80 इंच. आजचा पडदा विकणारा 100 इंच म्हणतो तेव्हा त्याला 16:9 चा कर्ण म्हणायचं असतं, रुंदी 87 इंच. सात इंचांच्या या फरकानं छताची भोकं चुकतात, म्हणून सगळा हिशेब कर्णात न करता रुंदीत करा.

समजा तुमच्या मशीनचं हे गुणोत्तर, म्हणजे अंतर भागिले रुंदी, 1.4 आहे. सहा फुटी पडद्याला लेन्स साडेआठ फुटांवर येईल. त्यामागं मशीनचं अडीच-तीन फुटांचं धड, त्यामागं वायरींना आणि हवेला जागा. म्हणजे खोली निदान बारा-तेरा फूट लांब हवी. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या किंवा ताराबाई पार्कातल्या फ्लॅटचा दहा बाय बाराचा हॉल असेल तर सहा फुटांचाही मोह सोडा, साडेपाचच करा. रुंदीच्या दिशेनं हिरवी ट्यूब, म्हणजे मधली लेन्स, पडद्याच्या बरोबर मध्यावर यायला हवी. एका बाजूला सरकवून टांगायची सोय या मशीनमध्ये नाही.

उंचीचा आकडाही तक्त्यात असतो. छताला टांगायचं असेल तर लेन्स पडद्याच्या वरच्या कडेपासून किती वर-खाली हवी ते बघा आणि मग पंख्याकडं बघा. हॉलच्या मधोमध फिरणारा पंखा बहुतेक घरांत नेमका झोताच्या वाटेत येतो. लेन्सच्या जागेपासून पडद्याच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत सुतळ्या ताणा. पाती सुतळीला लागत असतील तर पंखा हलवा, भिंतीवरचे पंखे लावा, नाहीतर पडदा खाली घ्या.

वजन विसरू नका. 8 इंची मशीन सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातं, 9 इंची शंभरच्या पुढं. स्लॅब असेल तर चांगले अँकर फास्टनर आणि लोखंडी फ्रेम पुरेशी. ही फ्रेम बाजारात शोधत बसू नका, उद्यमनगरातल्या कारखान्यांत चौकोनी पाइपची हवी तशी करून मिळते. मापाचं रेखाचित्र घेऊन जा आणि पुढं-मागं सरकवायला चार इंचांचे लांबट गाळे ठेवायला सांगा. शिवाजी पेठेतलं, मंगळवार पेठेतलं जुनं घर असेल, वर कौलं आणि लाकडी तुळया असतील, तर मशीन टांगूच नका. जमिनीवर ठेवा आणि दोन्ही बाजूंना खुर्च्या मांडा. माडीवर ठेवणार असाल तर फळ्यांवरून कुणी चाललं की चित्र थरथरतं, तेव्हा स्टँडचे पाय तुळईच्या रेषेवर येतील असे बघा.

पडद्याचा आकार कोणता, हे तुम्ही काय बघता त्यावर ठरवा. 1929 मध्ये ज्या कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, तिथल्या माणसाला जुने कृष्णधवल मराठी चित्रपट बघायचे असणारच आणि त्यांची चौकट जवळपास 4:3 ची आहे. ट्यूबचं तोंडही 4:3 चंच. त्यामुळं अशा रसिकानं 6 फूट बाय साडेचार फुटांचा 4:3 पडदाच करावा असं मला मनापासून वाटतं. त्यावर नवा रुंद चित्रपट लावला तर वर-खाली काळे पट्टे राहतात, पण सीआरटीचा काळा इतका खोल असतो की अंधारात ते दिसत नाहीत. फक्त रोज रुंद चित्रपटच चालवू नका, नाहीतर ट्यूबचा मधला भाग आधी झिजेल. बातम्यांचे चॅनेल तर लावूच नका, त्यांचे लोगो आणि खालची पट्टी ट्यूबवर कायमची उमटतात. रात्री मित्रमंडळी जमवून दिवे लावून फुटबॉल बघायचा असेल तर त्यासाठी टीव्ही ठेवा.

पडद्याचं कापड मॅट पांढरं, गेन 1 ते 1.3. उजेड वाढेल म्हणून चकचकीत, जास्त गेनचं घेऊ नका. तिन्ही ट्यूबचा प्रकाश वेगवेगळ्या कोनांतून येतो, त्यामुळं अशा पडद्यावर एक बाजू लालसर आणि दुसरी निळसर दिसते आणि ते कुठल्याही सेटिंगनं जात नाही. करड्या पडद्याचीही गरज नाही. खर्च वाचवायचा असेल तर गुळगुळीत प्लायवर मॅट पांढरा रंग उत्तम चालतो, चहूबाजूंनी तीन इंच काळी मखमल लावा. फ्रेम भिंतीला चिकटवू नका. पावसाच्या माऱ्याकडची भिंत असेल तर जुलैत ओल येते, पोपडे सुटतात आणि प्लाय वाकतो. मागं दोन इंच हवा खेळू द्या. पडद्याजवळचं छत आणि बाजूच्या भिंती गडद मॅट रंगात करून घ्या, कारण पांढऱ्या छतावरून परत येणारा उजेड तुमचा काळा रंग धुऊन टाकतो.

बसायचं अंतर शेवटी मोजा. डीव्हीडीच्या चित्रातल्या 576 आडव्या रेषा सहा फुटी 16:9 पडद्यावर प्रत्येकी पावणेदोन मिलिमीटरच्या होतात, दहा फुटांवरून त्या दिसतात. 1080 रेषांचं चित्र दिलं की रेष एक मिलिमीटरच्या आत येते आणि दहा-अकरा फुटांवरून चित्र सलग वाटतं. मात्र 7 इंची ट्यूबला एवढ्या रेषा स्वच्छ सुट्या दाखवता येत नाहीत, पडदा लहान ठेवण्याचं तेही एक कारण.

एवढं झालं की भिंतीवर खडूनं चौकट आखा, पांढरी चादर ताणून लावा आणि मशीन टेबलावर ठेवून ठरलेल्या अंतरावरून चालवा. सुरू केल्यावर अर्धा तास तापू द्या, त्याआधी जुळवलेलं कन्व्हर्जन्स, म्हणजे तिन्ही रंगांची चित्रं एकमेकांवर बसवणं, टिकत नाही. घरातली सगळी माणसं आपापल्या जागी बसवून एक अख्खा चित्रपट बघा, त्यातही रात्रीचे प्रसंग जास्त असलेला. चौकट बदलायची असेल तर ती याच रात्री बदला. मशीन टांगल्यानंतर माप बदलणं म्हणजे ट्यूबचे कोन, फोकस आणि तिन्ही रंगांची जुळणी पुन्हा पहिल्यापासून करणं. चादरीवरचं माप घरच्यांना पसंत पडलं की छतावर खुणा करा आणि उद्यमनगरला फ्रेमची ऑर्डर द्या.